आईला दिलेलं एक ‘हो’



आजचं वाचन गीतेच्या सतराव्या अध्यायातलं, श्लोक १५. भगवंत इथे देहाचं, वाणीचं आणि मनाचं असं तीन प्रकारचं तप सांगतात, त्यातला हा श्लोक वाणीचा. समोरच्याला बोचणार नाही, खरं असेल, गोड वाटेल आणि त्याच्या भल्याचंही असेल असं बोलणं, आणि सोबत स्वाध्याय. वाचायला अर्धं मिनिट लागतं.

यावर मी आधी दोनदा लिहायला घेतलं होतं आणि दोन्ही वेळा सोडून दिलं. पहिल्या वेळी ‘ऑफिसचं रिलीज आहे, वेळ नाही’ असं स्वतःला सांगितलं. दुसऱ्या वेळी खरं कारण माहीत होतं. मी आईशी बोललेलं एक खोटं तेव्हा निस्तरायचं बाकी होतं. आता निस्तरलंय, निदान बऱ्यापैकी, म्हणून आज बसलोय.

नेहमी वाचणाऱ्यांना माझं आकाशाचं वेड माहीत आहे. नवीन मंडळींसाठी थोडक्यात: चंद्र आणि ग्रह सोडून त्यांच्या खूप पलीकडच्या वस्तूंचे, म्हणजे तेजोमेघ, तारकागुच्छ, दीर्घिका यांचे फोटो मी काढतो. सामान फार नाही. एक सेकंडहँड डीएसएलआर, २०० मिलीमीटरची लेन्स, तिपाई, आणि ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा हळूहळू फिरवत ठेवणारं एक छोटं यंत्र, ट्रॅकर. पुण्यातल्या गच्चीवरून चार-दोन तारे दिसतात, त्यामुळे अमावास्येच्या आसपासचा शनिवार गाठून भोरच्या पुढे एका मित्राच्या शेतावर जायचं. तिथे अजून अंधार शिल्लक आहे.

गेल्या वर्षी कार्तिकातल्या अमावास्येला देवयानी दीर्घिकेचा फोटो काढायचा ठरवला. कॅटलॉगमधलं नाव एम ३१. आपल्यापासून २५ लाख प्रकाशवर्षं लांब, म्हणजे जो प्रकाश कॅमेऱ्यात पकडायचा तो निघाला तेव्हा पृथ्वीवर आपल्यासारखा माणूस नव्हता. आकाशात तिची लांबी पूर्ण चंद्राच्या सहा पट आहे, पण इतकी फिकट की डोळ्याला फक्त मधला गाभा जाणवतो. एवढी मोठी वस्तू रोज डोक्यावरून जाते आणि आपल्याला पत्ता नसतो.

हा फोटो एका क्लिकमध्ये निघत नाही, आणि पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो. आधी ध्रुव ताऱ्याकडे यंत्राचा आस रोखायचा. आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम १८ अंश वर असतो, बऱ्याचदा डोंगराच्या कडेला टेकलेला. मग दोन-दोन मिनिटांच्या फ्रेम्स घ्यायच्या. त्या रात्री ९० घेतल्या, म्हणजे तीन तासांचा प्रकाश. एकेक फ्रेम बघितली तर मातेरं असतं: मध्ये एक पांढुरका डाग आणि सगळीकडे रवा सांडल्यासारखा नॉइज. पण दीर्घिका प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी असते आणि नॉइज दर वेळी वेगळीकडे पडतो. ९० फ्रेम्स एकमेकींवर बसवून सरासरी काढली की जे खरोखर तिथे आहे ते टिकतं आणि योगायोगाचं ते एकमेकांना खोडून काढतं. खऱ्याच्या तुलनेत नॉइज साधारण साडेनऊ पट कमी होतो, ९० चं वर्गमूळ. नामस्मरणाच्या आकड्यांवर हसणाऱ्या माझ्या मित्रांना मी हे गणित दाखवतो. ते तरीही हसतात, तो भाग वेगळा.

मला यातला सगळ्यात आवडणारा टप्पा म्हणजे डार्क फ्रेम्स. लेन्सला झाकण लावायचं आणि तेवढ्याच वेळाचे, तेवढ्याच थंडीत फोटो काढायचे. बाहेरून प्रकाशाचा एक कण येत नाही. तरी त्या काळ्या फोटोत लाल, निळे, पांढरे ठिपके असतात. ते आकाशातले नव्हेत, आपल्या कॅमेऱ्याचे आहेत. आधी हे मोजायचे आणि मग खऱ्या फोटोतून वजा करायचे. डोळे मिटून बसल्यावर जे ठिपके दिसतात तेही असेच कुणाचे असतात, हा विषय मी इथे पूर्वी ताणून ताणून लिहिला आहे, आज पुन्हा नको. पहाटे लेन्सवर पांढरा टी-शर्ट ताणून फ्लॅट फ्रेम्सही घेतल्या, म्हणजे लेन्सवरच्या धुळीचा आणि कोपऱ्यातल्या अंधारीचा हिशोब लागतो.

इतकं सगळं नीट केलं, आणि घरी येऊन माती खाल्ली.

सिरिल नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात फ्रेम्स बसवल्या. देवयानी आली. गाभा, त्याभोवतीची मऊ चकती, एका बाजूला धुळीची काळसर कड, शेजारी एम ३२ आणि एम ११० या दोन छोट्या दीर्घिका. माझ्या सामानाच्या मानाने चांगलंच होतं. पण मी रोज फोनवर जे फोटो बघतो त्यांच्यासमोर धुरकट. रात्रीचा दीड वाजला होता. फोटो ‘शार्प’ करून देणारं एक एआय टूल होतं, त्यात ती फाइल टाकली आणि बटण दाबलं. दोन मिनिटांत धुळीचे पट्टे पिळलेल्या रेशमासारखे उठून आले, चकतीत हजार तारे लुकलुकायला लागले. मी खुर्चीतच सरळ बसलो. हे मी काढलं?

काढलं नव्हतं, हे त्याच क्षणी कळायला हवं होतं. सॉफ्टवेअरमध्येच पोट भरतो मी. अशी टूल्स कशी चालतात हे मला माहीत आहे. तुमच्या फोटोत जे नाही ते त्यांना दिसत नाही. त्यांनी लाखो चित्रं पाहिलेली असतात, त्यावरून अशा ठिकाणी सहसा काय असतं ते ती भरून देतात. कोड रिव्ह्यूमध्ये कुणी टेस्ट पास व्हावी म्हणून उत्तर हार्डकोड करून ठेवलं तर मी त्याला तासभर सुनावतो. स्वतःच्या फोटोला मात्र मी दाद दिली.

फोटो टाकला. सतराव्या अध्यायातच, आजच्या श्लोकानंतर तिसरा श्लोक आहे, १८ वा. सत्कार मिळावा, मान मिळावा, पूजा व्हावी म्हणून दिखाव्याने केलेलं तप राजस, चंचल, फार न टिकणारं. लाइक्सचा आलेख इतक्या अचूक शब्दांत मी दुसरीकडे कुठे वाचलेला नाही. दोन दिवस फोन हातातून सुटला नाही, तिसऱ्या दिवशी सगळं शांत.

आईच्या बाबतीत मात्र शांत झालं नाही. तिने तो फोटो तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकला, ‘माझ्या मुलाने काढलेलं विश्वरूप’ असं लिहून. चाळीस-एक बायका आहेत त्यात. मग तिने मला प्रिंट काढून आणायला लावली, चौकात जाऊन सोनेरी पट्टीची फ्रेम करून घेतली आणि देवघराच्या बाजूच्या भिंतीवर लावली. संध्याकाळी निरांजन ओवाळताना ती त्या फोटोवरूनही एकदा ओवाळायला लागली. अशाच एका संध्याकाळी तिने विचारलं, “हे डोळ्यांना असंच दिसतं का रे तिकडे, अंधारात?”

मी लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणालो, “हो.”

बस, एवढंच. खोटं म्हणावं असं काही मोठं नाही.

आठवड्याभराने एका मित्राला एनजीसी २०६ दाखवायला तीच फाइल उघडली. देवयानीच्या एका भुजेत नव्या ताऱ्यांचा मोठा पुंजका आहे, त्याचं हे नाव. माझ्या मूळ फोटोत तो एक फिकट ठिपका म्हणून होता. टूलने त्याचे धागे करून टाकले होते, विणलेल्या कापडासारखे. मग मी झूम करून एकेक कोपरा बघायला लागलो. एम ३२ ही लहानशी दीर्घिका, तिचा चक्क चार टोकांचा चमकता तारा झाला होता. अशी चार टोकं आरशाच्या दुर्बिणींत येतात, आतला छोटा आरसा धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांमुळे. माझ्याकडे आरसाही नाही आणि पट्ट्याही नाहीत. साक्षीदार पढवून आणलेला असला की अशाच एखाद्या जास्तीच्या तपशिलात सापडतो.

आता यात एवढं काय, असं कुणी म्हणेल. मीही म्हणत होतो, आणि शास्त्र वाचणाऱ्या माणसाकडे सबबी फार चांगल्या दर्जाच्या असतात. माझ्या तीन होत्या.

पहिली अकराव्या अध्यायातली. भगवंत स्वतः अर्जुनाला सांगतात की तुझ्या या डोळ्यांनी मला बघणं जमणार नाही, मी तुला वेगळे डोळे देतो. मग साध्या डोळ्यांना न दिसणारं दाखवण्यात खोटं कसलं? आपला डोळा सेकंदाच्या छोट्याशा भागापुरताच प्रकाश साठवतो आणि अंधारात त्याला रंग कळत नाही. कॅमेरा तास तास साठवतो. शिवाय हबल दुर्बिणीने १९९५ मध्ये टिपलेले गरुड तेजोमेघातले ते प्रसिद्ध ‘पिलर्स’ घ्या. त्यात गंधकाचा प्रकाश लाल, हायड्रोजनचा हिरवा आणि ऑक्सिजनचा निळा दाखवला आहे, आणि हायड्रोजनचा तो प्रकाश मुळात लाल असतो. मग नासाने खोटं सांगितलं का?

नाही सांगितलं, आणि का नाही हे मला कळत होतं. कुठला वायू कुठल्या रंगात दाखवलाय हे उघड सांगून केलेलं ते काम आहे. नकाशात महाराष्ट्र पिवळा आणि कर्नाटक गुलाबी असतं, तसं. आणि फिकट प्रकाश वर आणणं म्हणजे घुसळून लोणी काढणं आहे. लोणी ताकात होतंच, ते वर यायला वेळ आणि मेहनत लागली. मी डालडा आणून वर तरंगत ठेवला होता.

देवयानीच्याच फोटोंचा इतिहास बघा. १८८८ मध्ये इंग्लंडच्या आयझॅक रॉबर्ट्स यांनी तिचा फोटो घेतला आणि तिची चक्राकार घडण पहिल्यांदा नीट उमटली. रॉबर्ट्स हौशीच. त्यांना वाटलं, ही आपल्यासारखी एखादी सूर्यमाला तयार होते आहे. अर्थ चुकला, पण फोटोत त्यांनी स्वतःचं काही घातलं नव्हतं, म्हणून पुढच्यांना त्याचा उपयोग झाला. मग ऑक्टोबर १९२३ मध्ये माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीवर एडविन हबल यांनी तिची एक काच घेतली. त्यावर एका ठिपक्याशेजारी त्यांनी शाईने ‘एन’ लिहिलं, म्हणजे नोव्हा. जुन्या काचांशी ताडून पाहिल्यावर कळलं की हा नियमाने कमी-जास्त तेजस्वी होणारा तारा आहे. त्यांनी ‘एन’ वर काट मारली आणि खाली उद्गारचिन्हासकट ‘व्हीएआर’ लिहिलं. त्या एका ताऱ्यावरून अंतर निघालं आणि देवयानी आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आहे हे ठरलं. काच आजही आहे, काट मारलेल्या अक्षरासकट. मला तो ताऱ्याचा शोध जेवढा मोठा वाटतो तेवढीच ती काट.

आणि हे सगळं जुनं झालं म्हणाल तर जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेली गोष्ट आहे. मार्सेल ड्रेक्सलर, झेवियर स्ट्रोटनर आणि यान सेंती या हौशी मंडळींनी देवयानीचे कित्येक तासांचे फोटो ऑक्सिजनच्या फिल्टरमधून घेतले. तिच्या शेजारी निळसर प्रकाशाची एक प्रचंड कमान उमटली. जगात सगळ्यात जास्त फोटो निघालेली ही दीर्घिका, आणि कमान आजवर कुणाला दिसलेली नव्हती. त्यांना पहिली शंका आपल्याच कॅमेऱ्याची आली. मग दुसऱ्या ठिकाणच्या, दुसऱ्या उपकरणांच्या फोटोंत ती कमान सापडते का हे पाहिलं गेलं. सापडली, तेव्हा सांगितलं. माझ्यासारख्याने ‘बॅकग्राउंड स्वच्छ’ करायच्या नादात ती पुसून टाकली असती. आणि ज्याच्या फोटोत टूलने भरलेले तारे आहेत, त्याने कमान दाखवली असती तरी त्याच्यावर विश्वास कुणी ठेवला असता?

दुसरी सबब मूर्तीची. देवघरातली लक्ष्मी तरी कुठे कुणी पाहून काढली आहे? आपल्या पणज्यांच्या देव्हाऱ्यांत राजा रविवर्म्यांच्या छापखान्यातल्या तसबिरी होत्या. तो छापखाना पुढे इथेच, लोणावळ्याजवळ मळवलीला होता. त्या लक्ष्मीपुढे लावलेले दिवे वाया गेले का? ही सबब मला सगळ्यात जड गेली, कारण तिच्यात खरंच दम आहे. भाव महत्त्वाचा, असं मी स्वतः इथे अनेकदा लिहिलंय. पण कितीही उलटवून पाहिलं तरी एक खुपत राहिलं. ‘लक्ष्मी अशीच दिसते का हो?’ असं कुणी रविवर्म्यांना विचारल्याचं ऐकिवात नाही, आणि मूर्तिकार ‘मी पाहिलंय’ असा दावा करत नाही. आईने माझ्या फोटोला मूर्ती मानलं नव्हतं. तिचा लेक थंडीत रात्रभर जागून देवाच्या घरची एक खरी वस्तू बघून आला, आणि ही तिची निशाणी, असं तिने मानलं होतं. तिचा नमस्कार त्या ‘खरोखर’ला होता. तेवढंच मी काढून घेतलं होतं.

तिसरी सबब आजच्याच श्लोकातली. गोड बोलावं, बोचू नये. तिचा आनंद मोडून काय मिळणार? आणि अपवाद शोधायला बसलं तर महाभारतात तेही आहेत. देवयानीच्या शेजारचे तारे माहीत असतील: एका बाजूला शर्मिष्ठा, एका बाजूला ययाती. आकाशात ही तिन्ही नावं एकमेकांना चिकटून आहेत. आदिपर्वात शर्मिष्ठा ययातीला हेच पटवते की थट्टेत, स्त्रियांच्या बाबतीत, लग्नाच्या वेळी, जीव जात असताना आणि सर्वस्व लुटलं जात असताना बोललेलं खोटं पाप नसतं. ययाती आधी म्हणतो की राजाच खोटं बोलला तर लोकांनी कुणाकडे बघायचं, आणि मग यथावकाश पाघळतो. देवयानीपासून सगळं लपवून ठेवतो. पुढचा शाप सर्वांना ठाऊक आहे. मी ती पाच कारणं दोनदा तपासली. आईचं समाधान टिकवणं त्यात कुठे बसत नाही, आणि खरं सांगायचं तर मला तिचं समाधान टिकवायचं नव्हतंच. मला तिच्या डोळ्यांतला मी टिकवायचा होता.

या सगळ्यात मला सुटका मिळाली नाही ती संजयामुळे. गीता आपण कृष्णार्जुनसंवाद म्हणून वाचतो, पण ती ऐकवतोय संजय, एका आंधळ्या राजाला. व्यासांच्या कृपेने त्याला लांबचं दिसतंय आणि ऐकणाऱ्याला काहीच दिसत नाही. ताडून बघायची सोयच नाही. संजय राजाचा नोकर, राजाची मुलं त्या रणांगणावर. त्याने थोडं एआय लावून सांगितलं असतं, कौरवांची बाजू जरा शार्प केली असती, तर धृतराष्ट्राला कोण सांगायला येणार होतं? तरी गीतेचा शेवटचा श्लोक संजयाच्याच तोंडचा आहे आणि तो दुर्योधनाच्या बापाला सांगतो की कृष्ण आणि अर्जुन जिकडे, विजय तिकडे. ऐकणाऱ्याला हे गोड नक्कीच लागलं नसेल.

ज्याला आपल्यापेक्षा जास्त दिसतं त्याच्यावर आपण किती सहज विसंबतो. डॉक्टर, वकील, गाडीचा मेकॅनिक, गुरू. ऑफिसात मी क्लायंटला डॅशबोर्ड दाखवतो तेव्हा मीही संजय असतो. आईला विंडोज उघडता येत नाही, दीर्घिका कुठून ताडून बघणार? तिच्याकडे ताडून बघायला फक्त मी होतो, आणि मी मान वर न करता ‘हो’ म्हटलं होतं.

मार्गशीर्षातल्या अमावास्येला आई म्हणाली, मीही येते शेतावर. दोन वर्षांपूर्वी तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दिसतं चांगलं. मी टाळायला बघितलं, थंडी आहे, रस्ता खराब आहे. ती शाल आणि थर्मास घेऊन गाडीत येऊन बसली.

साडेसातला अंधार पुरता दाटला होता. तिला खुर्चीत बसवलं, डोळे सरावू दिले. शर्मिष्ठेचा ‘एम’ दाखवला, तिथून कुठे सरकायचं ते बोटाने दाखवलं, आणि माझी १०×५० ची दुर्बीण हातात दिली. थेट बघू नकोस, जरा कडेला बघ, म्हणजे डोळ्याच्या अंधारात काम करणाऱ्या भागावर प्रकाश पडेल, असंही सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती.

“हा कापसाचा पुंजका? हीच का ती?”

“हो, हीच.”

“मग घरी आहे ती?”

“कॅमेरा तासंतास बघतो ना आई. आपला डोळा तेवढं साठवू शकत नाही.”

हे वाक्य शंभर टक्के खरं होतं. आणि मी तिथेच थांबलो असतो तर आयुष्यभर ‘मी खरं सांगितलं’ म्हणून मोकळा राहिलो असतो. धर्मराजाचं ‘नरो वा कुंजरो वा’ लहानपणापासून ऐकत आलोय, पण ते आतून कसं लागतं हे त्या खुर्चीशेजारी उभं राहून कळलं. तुम्ही खऱ्याच्या आड उभे असता आणि तिथे छान ऊब असते.

दोन-तीन मिनिटं गेली असतील. मग मी सांगितलं. फ्रेम्स, सरासरी, टूल, चार टोकांचा तारा, सगळं. मध्येच लोण्याचं आणि डालड्याचंही सांगितलं, कारण दुसरं काही सुचेना. शेवटी म्हणालो, “तू विचारलंस तेव्हा मी हो म्हटलं, ते खोटं होतं.”

तिने दुर्बीण मांडीवर ठेवली. “मी दिवा ओवाळत होते रे त्याच्यावरून,” एवढंच म्हणाली.

मी काही बोललो नाही. दिवा देवालाच पोहोचला असेल, वगैरे वाक्यं तोंडाशी आली होती. ती माझी सोय होती, तिची नव्हे. हित या शब्दाचा अर्थ मला त्या रात्री थोडा उलगडला असं वाटतं. प्रिय आपल्याला लगेच कळतं, समोरच्याच्या चेहऱ्यावर दिसतं. हित तिथे नसतं. खरं तेवढं बोलून मोकळं होणं सोपं, त्यात माणूस क्रूरही होतो. गोड तेवढं बोलणं तर त्याहून सोपं. भगवंतांनी याला तप का म्हटलं असेल ते तिन्ही एका वाक्यात बसवायला गेलं की समजतं. माझ्याकडे तसं वाक्य त्या रात्री नव्हतं. खरं सांगितलं, ते तिला बोचलं, आणि त्यातलं हित काय हे मला अजूनही छातीठोकपणे सांगता येणार नाही.

मग ती पुन्हा दुर्बीण लावून बसली. या वेळी जास्त वेळ. “कडेला बघितलं की मोठी होते,” म्हणाली. नंतर कृत्तिका तिने स्वतःच शोधल्या, माझ्या मदतीशिवाय, आणि त्या दुर्बिणीत किती आहेत ते मोजायला लागली.

परतताना खेड-शिवापूरपर्यंत गाडीत ती बोलली नाही. टोलनाका गेल्यावर म्हणाली, “ती दुसरी आहे का तुझ्याकडे? डालडा न घातलेली?”

दुसऱ्या दिवशी मूळ फोटो प्रिंट करून आणला. धुरकट आहे. धुळीची एकच कड दिसते, एनजीसी २०६ म्हणजे कुणी बोट ठेवून दाखवल्याशिवाय न दिसणारा ठिपका. आईने चष्मा लावून, खिडकीपाशी नेऊन बघितला आणि म्हणाली, “हा आपण पाहिला तसा आहे जरा जरा.” मग तिने तो ग्रुपवर टाकला आणि खाली आवाजात निरोप पाठवला: आधीचा फोटो कॉम्प्युटरने नटवलेला होता, मुलाने नंतर सांगितलं, हा खरा आहे, सगळ्यांनी नोंद घ्यावी. मी लाजेने बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. पाच मिनिटांत पहिलं उत्तर आलं, सुमारे सत्तरीच्या एका काकूंचं: “पहिलाच छान होता हो.” त्यावर अकरा जणींनी अंगठे दिले.

फ्रेम बदलून आणायला आम्ही दोघं चौकात गेलो. फ्रेमवाल्याने मागचे खिळे काढले, जुना फोटो बाहेर काढला आणि विचारलं, “हा टाकून देऊ का?”

“नको, राहू दे त्याच्या मागे,” आई म्हणाली. “पुठ्ठ्याचं काम करेल.”